पासवर्ड नेमका कोण मागतंय? सेकंडहँड लॅपटॉप लॉक निघाला तर

जुना लॅपटॉप घरी आणला, चार्जर लावला, चालू केला आणि पडद्यावर भलत्याच कुणाचं तरी नाव आलं. खाली पासवर्डची चौकट. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, "एक-दोन-तीन-चार टाकून बघा." ते लागत नाही. मग घरातला कुणीतरी यूट्यूबवर 'दोन मिनिटांत पासवर्ड तोडा' छापाचे व्हिडिओ लावतो, त्यात सांगितलेलं सॉफ्टवेअर घरातल्या धडधाकट कम्प्युटरवर उतरवतो आणि लॉक लॅपटॉप राहतो बाजूला, चांगल्या मशीनमध्ये व्हायरस शिरतो.

तो पासवर्ड शोधायच्या मागे लागूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोजचा पासवर्ड जुन्या मालकाच्या फायली, फोटो, मेल राखत असतो. त्या गोष्टी तुम्ही विकत घेतलेल्या नाहीत. तुम्ही घेतलंय ते यंत्र, आणि ते वापरायला ते रिकामं हवं, उघडलेलं नव्हे. त्यामुळे पहिला प्रश्न "पासवर्ड काय असेल?" हा नाहीच. पासवर्ड मागतंय कोण, हे आधी बघायचं. विंडोज मागतंय, डिस्क मागतेय, मदरबोर्ड मागतोय की दूर कुठल्यातरी कंपनीचा सर्व्हर? यावर सगळं ठरतं. पहिल्या दोन प्रकारांत घरबसल्या एका दुपारचं काम असतं. शेवटच्या प्रकारात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा निष्णात कारागीरही हात टेकतो.

ओळखायचं कसं? पॉवरचं बटण दाबल्यावर काय कधी दिसतं, त्यावर लक्ष ठेवा. कंपनीचा लोगो येण्याआधी किंवा त्याच्यावरच साधी करडी-काळी चौकट येऊन पासवर्ड मागत असेल, तर तो बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी मदरबोर्डवर चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा पासवर्ड. लोगोनंतर निळा पडदा येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागत असेल, तर ते बिटलॉकर, म्हणजे डिस्क. निसर्गचित्र, घड्याळ आणि कुणाचं तरी नाव दिसत असेल, तर विंडोजचं खातं. आणि सगळं कोरं आहे, भाषा-देश विचारून झाला, वाय-फाय जोडलं आणि लगेच एखाद्या कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा ईमेल मागितला गेला, तर मशीन अजून त्या कंपनीच्या यादीत आहे.

विंडोजचं खातं

हा सगळ्यात नेहमीचा प्रकार आणि सगळ्यात सोपाही. विंडोज पासवर्ड जसाच्या तसा कुठे लिहून ठेवत नाही. त्याचं गणिती रूपांतर करून ते साठवतं, ज्याला हॅश म्हणतात. तुम्ही काही टाइप केलंत की त्याचंही तसंच रूपांतर होतं आणि दोन्ही जुळतात का ते पाहिलं जातं. हॅशवरून उलट मूळ पासवर्ड काढायचा सरळ रस्ता नसतो. खातं मायक्रोसॉफ्टच्या ईमेलला जोडलेलं असेल, तर पासवर्ड बदलायची सोय फक्त त्या ईमेलच्या मालकाच्या हातात.

डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक केलेली नसेल तर बाहेरून (पेन ड्राइव्हवरून) बूट म्हणजे चालू करून जुना स्थानिक पासवर्ड पुसून टाकता येतो, हे खरं आहे. दुरुस्तीवाले सर्रास तेच करतात आणि "झालं साहेब, उघडलं" म्हणून मशीन हातात देतात. पण त्याने तुमच्या पदरी काय पडतं ते बघा. आधीच्या माणसाने टाकलेली पायरेटेड ऑफिस, त्याचं रिमोट कंट्रोलचं सॉफ्टवेअर, ब्राउझरमध्ये अजून सुरू असलेली त्याची खाती, आणि कुणी मुद्दाम ठेवलेलं काही असेल तर तेही. अशा मशीनवर तुम्ही नेटबँकिंग करणार, मुलांची आधार कार्डं स्कॅन करणार. मला हे अजिबात पटत नाही. मुळापासून नवं विंडोज टाकायला जेमतेम तासभर जास्त लागतो.

तिथेच असलेली सोय आधी वापरून बघा. लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात पॉवरचं चिन्ह असतं. शिफ्ट दाबून धरायचं आणि त्यातलं रीस्टार्ट निवडायचं. निळा पडदा येईल. त्यात ट्रबलशूट, मग रीसेट धिस पीसी, मग रिमूव्ह एव्हरीथिंग. यात जुना पासवर्ड सहसा लागत नाही. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर मधेच रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, तसं झालं तर पेन ड्राइव्हचा रस्ता धरायचा. खरं तर मी सरळ पेन ड्राइव्हचाच रस्ता सुचवेन, कारण त्यात जुनं काहीच उरत नाही.

त्यासाठी दुसऱ्या कम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवायचं आणि किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह त्यातून तयार करायचा. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून त्यात लग्नाचे फोटो नाहीत ना ते आधी बघा. मग तो लॅपटॉपला लावून चालू करताना बूट मेनूचं बटण दाबत राहायचं. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक मॉडेलांवर एफ१२, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप. एसरवरही एफ१२ चालतं, पण अनेकदा ते आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं.

इन्स्टॉल सुरू झालं की विंडोज कुठे टाकायचं, असा प्रश्न येतो. डिस्कचे तीन-चार तुकडे रांगेत दिसतात. इथे घाई नको. यादी लॅपटॉपच्या आतल्या डिस्कचीच आहे, हे आकारावरून पक्कं करा. चुकून जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क आधीच काढून ठेवा. मग एकेक तुकडा निवडून डिलीट करत जायचं, जोवर फक्त 'अनअलोकेटेड स्पेस' अशी एकच ओळ उरत नाही. ती निवडायची आणि पुढे जायचं. त्या क्षणी जुना मालक, त्याचा पासवर्ड आणि त्याचा पसारा सगळंच संपतं.

कधी कधी डिस्कची यादी कोरीच येते आणि माणसाला वाटतं, डिस्क गेली. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर हे बऱ्याचदा होतं. डिस्क शाबूत असते, पण इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या सोयीआड असल्याने इन्स्टॉलरला दिसत नाही. उत्पादकाच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवायचा. यादी येते.

"पण मग विंडोजची किल्ली?" असं बरेच जण विचारतात. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून ब्रँडेड लॅपटॉपची किल्ली कारखान्यातच बोर्डावरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. इन्स्टॉलर ती आपणहून वाचतो. नेट जोडलं की विंडोज सक्रिय होतं. डिस्क पुसल्याने ती जात नाही, त्यामुळे दुकानात 'ओरिजिनल की' म्हणून वेगळे पैसे देण्याआधी हे करून बघा.

एक अडचण मात्र वयाची आहे. विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा किंवा त्या तोडीचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचं मशीन असेल तर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाकायला सांगेन. अभ्यास, ब्राउझर, व्हिडिओ, पत्रलेखन यांना ते पुरतं, मराठी टायपिंग त्यात आहे, आणि पैसे पडत नाहीत.

निळा पडदा आणि ४८ आकडे

बिटलॉकर डिस्कवरचा प्रत्येक शब्द सांकेतिक करून लिहितं. त्याची किल्ली बोर्डावरच्या टीपीएम चिपमध्ये असते. बायोस बदललं, डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, काही संशयास्पद वाटलं की चिप किल्ली द्यायला नकार देते आणि मग निळा पडदा रिकव्हरी की मागतो. सहा आकड्यांचे आठ गट. प्रत्येक गट ११ ने भागला जाणारा असतो, म्हणून टाइप करताना चूक झाली तर तिथल्या तिथे कळते. या आठ गटांत मिळून १२८ बिटांची किल्ली दडलेली असते, म्हणजे शक्यता ३९ आकडी संख्येइतक्या. अंदाजाने टाकत बसण्यात आयुष्य घालवलं तरी लागणार नाही, आणि मायक्रोसॉफ्टकडे फोन करून ती नव्याने बनवूनही मिळत नाही.

तरीही तुम्हाला ती लागत नाही. पेन ड्राइव्हवरून तुकडे डिलीट करताना बिटलॉकर आडवं येत नाही. ते माहिती वाचू देत नाही, पुसायला त्याची हरकत नसते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, म्हणून हा पडदा यापुढे जास्तच दिसत राहणार. तुमच्या स्वतःच्या मशीनची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा झाली आहे का, ते एकदा उघडून बघून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा.

बायोस

पूर्वीच्या डेस्कटॉपमध्ये बायोसचा पासवर्ड एका बटण-सेलच्या जोरावर टिकून असायचा. सीआर२०३२ चा तो सेल काढला किंवा बोर्डावरचा जंपर हलवला की पासवर्ड गेला. अजूनही लोक लॅपटॉप उघडून सेल काढून ठेवतात, रात्रभर वाट बघतात, आणि सकाळी पासवर्ड तसाच असतो. कारण लॅपटॉपमध्ये तो विजेविना टिकणाऱ्या चिपमध्ये लिहिलेला असतो. हे मुद्दाम केलंय, चोरलेला लॅपटॉप चोराच्या उपयोगाचा राहू नये म्हणून.

बायोस फक्त सेटिंग बदलायला पासवर्ड मागत असेल आणि मशीन एरवी चालू होत असेल, तर एक वेळ चालवून घेता येईल. पण पेन ड्राइव्हवरून बूट करणंच बंद केलेलं असेल तर वरचं सगळं अडतं. अशा वेळी विकणाऱ्याकडेच जायचं. तिथून नाही मिळालं तर मशीन बनवणाऱ्या कंपनीकडे, बिल आणि सीरियल नंबर घेऊन. डेल मालकी तपासून मदत करते. लेनोवोच्या थिंकपॅडबाबत कंपनीचं म्हणणं असं, की सुपरवायझर पासवर्ड (बायोसचा मुख्य पासवर्ड) हरवला तर मदरबोर्ड बदलावा लागेल, तोही खरेदीचा पुरावा दाखवून. हार्ड डिस्कलाच वेगळा पासवर्ड लावलेला असेल तर ती डिस्क बदलायची, दुसरा उपाय नाही.

बाजारात चिप काढून प्रोग्रामर नावाच्या यंत्रावर ठेवून पुन्हा लिहून देणारे कारागीर आहेत. काही मॉडेलांवर ते जमतं. नव्या बिझनेस मॉडेलांत पासवर्ड वेगळ्या सुरक्षित जागी असल्याने चिप लिहूनही तो राहतो, आणि बोर्ड मात्र दगावतो. खरेदीची पावती न विचारता हे काम करून देणाऱ्याकडे मी माझं मशीन देणार नाही.

कंपनीच्या यादीतलं मशीन

सेकंडहँड बाजारात थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही ऑफिसची मॉडेलं ढिगाने दिसतात. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात, जुने लॉटमध्ये विकतात, रिफर्बिश करणारे ते घेऊन साफसूफ करून दुकानांना देतात. माल उत्तम असतो, मीही घ्यायला सांगतो. पण ही मशीन्स कंपनीने ऑटोपायलट नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत नोंदवलेली असू शकतात. नोंद डिस्कवर नसते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते, मशीनच्या हार्डवेअरच्या ओळखीसकट. म्हणून डिस्क पुसा, नवी एसएसडी डिस्क टाका, नेट जोडल्याबरोबर पडद्यावर त्याच कंपनीचं स्वागत येतं आणि ऑफिसचा ईमेल मागितला जातो. मॅकवर 'रिमोट मॅनेजमेंट'चा पडदा येतो. कंपनी किंवा शाळेचं क्रोमबुक असेल तर तेही असंच परत नोंदणी मागतं.

काही विक्रेते नेट न जोडता सेटअप पूर्ण करून मशीन विकतात. तुमच्याकडे ते महिनोन्महिने सुरळीत चालतं. मग कधीतरी तुम्ही रीसेट करता आणि कंपनी दारात उभी. त्या वेळी दुकानदार ओळखही देत नाही.

बहुतेक वेळा यात कुणाचा लबाडीचा हेतू नसतो. कंपनीच्या आयटी विभागाने लॉट विकला आणि यादीतून नावं काढायची राहिली, एवढंच. म्हणून उपायही सरळ आहे. दुकानदाराला सांगायचं, त्याने ज्याच्याकडून लॉट घेतला त्याच्यामार्फत कंपनीला सीरियल नंबर कळवायचा, कंपनी नोंद काढते. पडद्यावर कंपनीचं नाव असेल तर तुम्ही स्वतःही तिच्या आयटी विभागाला सीरियल नंबर आणि बिलाची प्रत मेलने पाठवू शकता. हे मशीन आमचं चोरीला गेलंय, असं उत्तर आलं तर तेही वेळेत कळलेलं बरं.

याच्याही एक पाऊल पुढची गोष्ट म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट, पूर्वीचं नाव कॉम्प्युट्रेस. डेल, एचपी, लेनोवो यांच्या अनेक बिझनेस मशीनच्या बायोसमध्ये ते कारखान्यातच बसवलेलं असतं. मशीन वापरणाऱ्या कंपनीने ते चालू केलेलं असेल तर विंडोज पुसलं तरी ते परत स्वतःला बसवून घेतं आणि ती कंपनी दूरवरून मशीन गोठवू शकते. बायोसमध्ये सिक्युरिटीच्या पानावर हे नाव शोधा. तिथे 'अ‍ॅक्टिव्हेटेड' लिहिलं असेल, तर कंपनीकडून ते काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

मॅक

२०१८ पासूनच्या मॅक लॅपटॉपमध्ये अ‍ॅपलची टी२ चिप आहे, आणि नोव्हेंबर २०२० पासून अ‍ॅपलचेच एम मालिकेतले प्रोसेसर. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून अशा मशीनवर आयफोनसारखं अ‍ॅक्टिव्हेशन लॉक लागतं. रिकव्हरीतून मॅक पुसता येतो, पण पुसून झाल्यावर तो जुन्या मालकाचं अ‍ॅपल खातं मागतो. दुसरा मॅक जोडून मुळापासून रिस्टोअर केलं तरी लॉक राहतं.

इथे मालक भेटला तर काम पाच मिनिटांचं आहे, आणि त्याने पासवर्ड तुम्हाला सांगायची गरज नाही, मागूही नये. त्याने त्याच्या फोनवर किंवा ब्राउझरमध्ये आयक्लाउडच्या 'फाइंड'मध्ये जाऊन तो मॅक निवडायचा आणि खात्यातून काढून टाकायचा. तो नाशिकला असो की न्यू जर्सीला, तुमच्या टेबलावरचं लॉक सुटतं. मालक सापडत नसेल तर अ‍ॅपल मूळ खरेदीचं बिल मागते, ज्यावर सीरियल नंबर असायला हवा. तुम्हाला दुकानदाराने दिलेली हातपावती तिथे चालत नाही.

चोरीचा माल

मोबाइलसाठी सरकारची सीईआयआर यंत्रणा आहे, आयएमईआय टाकून हँडसेटची स्थिती बघता येते. लॅपटॉपला तशी सोय नाही, म्हणून कागद महत्त्वाचा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणं हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ब खास कम्प्युटर आणि तशा उपकरणांसाठी आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन्हीकडे प्रश्न येतो तो, माल चोरीचा आहे हे तुम्हाला माहीत होतं का, किंवा माहीत असायला कारण होतं का. नाव, तारीख, मॉडेल, सीरियल नंबर आणि जीएसटी असलेलं बिल तुमची बाजू सांगतं. विनाबिल, चार्जरशिवाय, अर्ध्या किमतीत, बायोस लॉक असलेलं मशीन घेतलंत तर काय सांगणार? संशय पक्का झाला तर मशीन उघडायच्या भानगडीत न पडता पोलीस ठाण्यात जा. दुकानदाराने बिल देऊन लॉक मशीन गळ्यात मारलं आणि परत घेत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

घेतानाच तपासा

दुकानातच, पैसे द्यायच्या आधी, अर्धा तास मागून घ्या. मशीन चालू करून बायोसमध्ये जा, पासवर्ड मागत नाही ना ते बघा. मग विक्रेत्याला तुमच्यासमोर विंडोज किंवा मॅक रीसेट करायला लावा आणि सेटअप सुरू झाला की तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. दुकानाचं वाय-फाय नको, तिथे काय अडवलेलं असेल सांगता येत नाही. नेट लागल्यावर कुठल्याही कंपनीचं वा माणसाचं नाव न येता तुमचं नाव विचारलं गेलं, तर मशीन मोकळं आहे. "वेळ नाही, माल गॅरंटीचा आहे" म्हणणाऱ्याकडून उठून यायचं. खालचा सीरियल नंबर, बायोसमधला आणि बिलावरचा तीनही एकच आहेत ना, तेही जुळवा.

घरातल्या गेलेल्या माणसाचा कम्प्युटर

इथे वरचं जवळजवळ सगळं उलट करायचं. वडील गेले, त्यांचा लॅपटॉप लॉक आहे, आत विम्याचे कागद आहेत, पीपीएफची नोंद आहे, नातवंडांचे फोटो आहेत. इथे पुसणं म्हणजे कायमचं गमावणं. दुकानदाराला "चालू करून द्या" एवढंच सांगितलंत तर तो सवयीने फॉरमॅट मारेल. त्याला आधीच स्पष्ट बजावा: डेटा हवाय, विंडोज नकोय.

डिस्क एन्क्रिप्ट नसेल तर ती काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या कम्प्युटरला लावायची, फायली वाचता येतात, पासवर्ड मधे येत नाही. बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असण्याची शक्यता असते. म्हणून त्यांचा मोबाइल नंबर लगेच बंद करू नका, खात्याचा ओटीपी त्याच्यावर येतो. त्यांच्या डायऱ्या, फाइलींच्या आतली पानं, पाकिटातले कागद चाळा. त्या पिढीने पासवर्ड बहुधा कुठेतरी लिहून ठेवलेले असतात. घरातल्या सगळ्या वारसांना सांगून, शक्य तर सोबत बसून हे करा.

तुमचं मशीन विकताना

पुढच्या माणसाची ही सगळी वणवण तुम्ही दहा मिनिटांत वाचवू शकता. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, मग रीसेट, सगळं काढून. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर उपकरणांच्या यादीतून ते नाव काढा. बायोसला पासवर्ड लावला असेल तर तो काढा. मॅक लॅपटॉप २०१८ किंवा नंतरचा असून त्यावर मॅकओएस मॉन्टेरी किंवा त्यापुढचं असेल, तर 'इरेझ ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' एवढं एकच पुरे, त्यात अ‍ॅपल खात्यातून साइन आउटही होतं आणि लॉकही निघतं. रीसेट झाल्यावर भाषा-देश विचारणारा पडदा आला की तिथेच बंद करा, पुढचा सेटअप घेणाऱ्याला तुमच्यासमोर त्याच्या हॉटस्पॉटवर करू द्या, आणि मूळ बिल सापडलं तर ते त्याच्या हातात द्या.